गधेगाळीपासून 'अरे गाढवा'पर्यंत

मराठी घरात कुणीतरी कुणाला सहज गाढव म्हणतं आणि ऐकणारा बहुधा हसतो. आठ-नऊशे वर्षांपूर्वी हीच शिवी राजाच्या दानाची राखण करत होती.

शिलाहार आणि यादव काळात जमीन दान दिली की उभा दगड रोवत. वरच्या भागात चंद्र-सूर्य, कारण ते असेतो दान चालावं. मधे लेख. तळाशी स्त्री आणि तिच्यावर चढलेलं गाढव: दान मोडेल त्याच्या आईला दिलेली शिवी. वाचता न येणाऱ्यालाही ती नुसत्या चित्रावरून कळे. हीच गधेगाळ. परळचा शिलाहार राजा अपरादित्याचा शिलालेख (शके 1108) संस्कृतात आहे, पण शापाशी येताच भाषा मराठी होते. शिवी ज्याला लागायची, त्याला ती समजायला नको का?

कोकणात, देशावर आणि गोव्यात असे दगड आजही सापडतात. कुठे देव समजून शेंदूर फासतात आणि अक्षरं बुजतात, कुठे अशुभ म्हणून पुरून टाकतात. शेंदूर तारेच्या ब्रशने कधीही खरवडू नये. अक्षरांच्या कडा झडतात आणि लेख कायमचा जातो.

गाढवच का? नांगराला बैल हवा. गाढव जुंपणं म्हणजे जमीन उजाड झाल्याची खूण. कलिंगाचा प्राचीन राजा खारवेल याच्या हाथीगुंफा लेखात पिथुंड नगरावर गाढवांचा नांगर फिरवल्याचा उल्लेख आहे. 1630च्या सुमारास आदिलशाहीच्या मुरार जगदेवाने पुण्यावर तोच फिरवला. गाढवावरून धिंड काढणं त्याच जातीचं.

मग यात गंमत कुठून आली? आमच्या मते थोडी व्याकरणातून. गाढव, माकड, घुबड, डुक्कर हे शब्द नपुंसकलिंगी चालतात, आणि पोर, लेकरू, कार्टंही. 'कुठं उलथलं ते माकड?' असं म्हणताना माणूस आपोआप पोराच्या रांगेत जाऊन बसतो, म्हणून राग ओसरतो. डुकराला मात्र ही सवलत नाही, ते घाणीशी जोडलेलं. ती शिवी अजून झोंबते. कुत्रा पुल्लिंगी, आणि त्या शिवीवरून आजही हाणामारी होते.

मंद माणसाला बैल म्हणतात, आणि खंडोबा-विठोबाचा प्रत्यय लावला की त्याचा 'बैलोबा' होतो. नंदीबैल म्हणजे मान डोलावणारा होयबा. दारोदार येणाऱ्या नंदीबैलवाल्यांच्या शिकवलेल्या बैलावरून तो शब्द आला.