फेनिटॉइन : दक्षता व अनिष्ट परिणाम

अपस्मारावरील (आकडी, फेफरे, फिट) जुने व स्वस्त औषध. हायडॅन्टॉइन गटातील हे संयुग हाइनरिख बिल्ट्स यांनी १९०८ मध्ये तयार केले; त्याचा आकडीरोधक गुण मेरिट व पटनम यांनी १९३८ मध्ये दाखविला.

मात्रा व पातळी : रक्तद्रवात दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम ही पातळी सामान्यतः उपयुक्त मानतात. या औषधाची खरी अडचण यकृतात आहे. ते मोडणारी विकरे थोड्याच मात्रेत भरून जातात आणि त्यापुढे थोडीशी वाढही पातळी एकदम चढवते. दिवसाला ३०० मिग्रॅ.ची मात्रा ४०० केल्यास पातळी एक तृतीयांशाने नव्हे, कधी दुपटीहूनही वाढते. म्हणून वाढ एका वेळी २५ ते ५० मिग्रॅ.ची करतात व पातळी स्थिरावण्यास एक ते तीन आठवडे देतात. पातळ औषधाची बाटली नीट हलवली नाही, तर वरचे चमचे फिके व तळचे जहाल निघतात. साठच्या दशकाच्या अखेरीस ऑस्ट्रेलियात कॅप्सुलमधील कॅल्शियम सल्फेट या भरणद्रव्याऐवजी लॅक्टोज वापरल्यावर, मात्रा तीच असताना, अनेक रुग्णांना विषबाधा झाली. त्यामुळे उत्पादक बदलल्यावर पातळी तपासणे इष्ट.

औषधाचा सुमारे ९० टक्के भाग रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटलेला असतो. अल्ब्युमिन उतरले की अहवालातील आकडा फसवा ठरतो. अशा वेळी मोजलेल्या पातळीला (०.२ × अल्ब्युमिन + ०.१) ने भागतात, येथे अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये धरतात. पातळी ८ व अल्ब्युमिन २ असल्यास दुरुस्त पातळी १६ येते.

विषबाधेची लक्षणे : साधारणपणे २० च्या वर बुबुळे थरथरतात, ३० च्या वर तोल जातो व जीभ अडखळते, ४० च्या वर गुंगी येते. फार चढलेल्या पातळीत आकडीच वाढू शकते. ती औषध कमी पडल्याची खूण समजून मात्रा वाढवणे घातक ठरते.

हिरड्या : दीर्घकाळ औषध घेणाऱ्या सुमारे निम्म्या रुग्णांत हिरड्या सुजल्यासारख्या वाढतात. वाढ दातांमधील टोकांपासून, बहुधा पुढील दातांशी सुरू होते. दात नसलेल्या जागी ती सहसा दिसत नाही. कारणाविषयी मतभेद आहेत. काहींच्या मते तंतुजनक पेशींवर औषधाचा थेट परिणाम होतो, तर काही फोलेट या जीवनसत्त्वाच्या कमतरतेला दोष देतात. दातांवरील कीटणाने होणाऱ्या दाहामुळे वाढ बळावते, हे मत निरीक्षणांशी अधिक जुळते; दात काटेकोर स्वच्छ ठेवल्यास ती कमी राहते. मुलांत व किशोरांत प्रमाण अधिक. चेहऱ्यावर लव येणे, हाडे ठिसूळ होणे हेही दिसते.

त्वचा : पुरळ बहुधा पहिल्या दोन महिन्यांत येतो. ताप, तोंडात फोड किंवा साल निघणे असल्यास औषध लगेच थांबवून रुग्णालय गाठावे. एचएलए-बी*१५०२ हा जनुक-प्रकार असलेल्या आशियाई व्यक्तींत स्टीव्हन्स-जॉन्सन या त्वचा सोलून काढणाऱ्या गंभीर विकाराचा धोका वाढतो. एरवी औषध एकाएकी बंद करू नये. आकड्या सलग येऊ लागतात.

शिरेतून देताना : फक्त सामान्य सलाइनमध्ये मिसळावे, डेक्स्ट्रोजमध्ये स्फटिक पडतात. प्रौढांत वेग मिनिटाला ५० मिग्रॅ.पेक्षा जास्त नसावा, अन्यथा रक्तदाब पडून हृदयाची लय बिघडते. वृद्धांत व हृदयरोग्यांत तो आणखी कमी ठेवतात. द्रव अत्यंत अल्कधर्मी असल्याने शिरेबाहेर झिरपल्यास हात जांभळा पडून सुजतो.

इतर औषधे : क्षयावरील आयसोनायझिड पातळी चढवते, रिफॅम्पिसिन उतरवते. संततिप्रतिबंधक गोळ्या फेनिटॉइनमुळे निष्प्रभ होतात. शंखपुष्पी सरबत घेणाऱ्या रुग्णांत आकड्या पुन्हा सुरू झाल्याचे मुंबईतील संशोधकांनी १९९२ मध्ये नोंदविले. उंदरांवरील प्रयोगातही वारंवार मात्रेनंतर पातळी उतरली. गर्भारपणात गर्भदोषाची शक्यता असते, म्हणून औषध बदलण्याचा विचार गर्भधारणेपूर्वीच तज्ज्ञांच्या सल्ल्याने करतात.