‘मिल्क’ची डीव्हीडी : घरापर्यंत पोचायला लागलेली तीस वर्षं

दिग्दर्शक गस व्हॅन सँट यांचा ‘मिल्क’ हा चित्रपट अमेरिकेत 10 मार्च 2009 रोजी डीव्हीडी आणि ब्लू-रेवर आला. शॉन पेनला अभिनयाचं आणि डस्टिन लान्स ब्लॅकला मूळ पटकथेचं ऑस्कर मिळून जेमतेम सोळा दिवस झाले होते. ऑस्करची चर्चा ताजी असतानाच डिस्क दुकानात आणायची, हा हॉलिवूडचा नेहमीचा हिशेब. पण हा चरित्रपट ज्या हार्वे मिल्क यांच्यावर आहे, त्यांचं सगळं राजकारणच ‘घरात काय बोलायचं’ याभोवती उभं होतं.

हार्वे मिल्क 1972 साली न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला आले. पुढच्या वर्षी त्यांनी कॅस्ट्रो स्ट्रीटवर कॅमेऱ्याचं दुकान थाटलं. दुकान धंद्यापेक्षा गप्पांनी आणि प्रचाराच्या पत्रकांनीच जास्त भरलेलं असायचं. तीन निवडणुका हरून नोव्हेंबर 1977 मध्ये ते शहराच्या बोर्ड ऑफ सुपरवायझर्सवर, आपल्या भाषेत नगरसेवक म्हणून, निवडून आले. आपण समलिंगी आहोत हे न लपवता कॅलिफोर्नियात निवडणूक जिंकणारे ते पहिले पुरुष.

1978 चा प्रस्ताव क्रमांक 6 ही त्यांची खरी लढाई. समलिंगी शिक्षकांना, आणि त्यांची बाजू घेणाऱ्यांनाही, सरकारी शाळांतून काढता यावं म्हणून आमदार जॉन ब्रिग्ज यांनी तो मतदारांपुढे आणला होता. सुरुवातीच्या पाहण्यांत ब्रिग्ज आघाडीवर होते. त्यावर मिल्क यांचा उपाय साधा, पण पाळायला फार अवघड होता : आईवडिलांना सांगा, शेजाऱ्यांना सांगा, कामावरच्या लोकांना सांगा. ओळखीच्या माणसाविरुद्ध मत देताना हात अडखळतो, हे त्यांनी ओळखलं होतं. रोनाल्ड रेगन यांच्यासारखा कट्टर रिपब्लिकन नेताही विरोधात उतरला आणि 7 नोव्हेंबरला सुमारे 58 टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला.

वीस दिवसांनी, 27 नोव्हेंबरला, डॅन व्हाइट या माजी नगरसेवकाने सिटी हॉलमध्ये महापौर जॉर्ज मॉस्कोनी आणि मिल्क यांना गोळ्या घातल्या. पुढच्या मे महिन्यात व्हाइटला खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाची शिक्षा झाली, सात वर्षं आठ महिने. त्या रात्री शहरात दंगल उसळली.

आपला खून होऊ शकतो हे मिल्क जाणून होते. निवडून आल्यावर काही दिवसांतच त्यांनी टेपवर आपलं राजकीय मृत्युपत्र बोलून ठेवलं होतं. खून झाला तरच ते ऐकावं, अशी सूचना होती. ‘मिल्क’ची चौकट याच टेपची आहे. मिल्क झालेला पेन टेपरेकॉर्डरसमोर बसून बोलतो आणि गोष्ट मागे जाते. माझ्या मते चित्रपटातला सर्वांत नेमका निर्णय हाच.

मिल्क यांच्यावरच्या रॉब एपस्टाइन यांच्या 1984 च्या माहितीपटाला ऑस्कर मिळालं, पण कथापट रखडला. नव्वदच्या दशकात ऑलिव्हर स्टोन निर्मितीत होते, खुद्द व्हॅन सँटही एकदा त्या प्रकल्पाला जोडले जाऊन बाहेर पडले. अखेर 2008 च्या सुरुवातीला कॅस्ट्रोतच चित्रीकरण झालं. मिल्क यांच्या दुकानाच्या मूळ जागेतच ते दुकान पुन्हा उभारलं गेलं.

चित्रपट प्रदर्शित झाला तो मात्र नोव्हेंबर 2008 च्या अखेरीस. त्याच महिन्याच्या 4 तारखेला कॅलिफोर्नियाने प्रस्ताव क्रमांक 8 मंजूर करून समलिंगी विवाह पुन्हा बंद केले होते. मतदानाआधी चित्रपट यायला हवा होता, ही हळहळ तेव्हा बरीच ऐकू आली. डिस्क बाजारात आली, त्याच्या पाचच दिवस आधी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात प्रस्ताव 8 विरुद्ध युक्तिवाद झाले होते. मे महिन्यात न्यायालयाने तो कायम ठेवला. त्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियातल्या घरांत जी समलिंगी जोडपी हा चित्रपट पाहत होती, त्यांना पडद्यावर प्रस्ताव 6 पडताना दिसत होता आणि स्वतःच्या लग्नाचं काय होणार, हे अजून कळायचं होतं.