जहाजावर पोटरीत गोळा: दोष मिठाचा की मज्जारज्जूचा?

क्रूझला जाताना काय काय न्यावं, याच्या याद्यांमध्ये सनस्क्रीन आणि उलटीच्या गोळ्यांच्या खालोखाल हल्ली एक सल्ला हमखास असतो. पायात गोळे येत असतील तर मॅग्नेशियमच्या गोळ्या आणि इलेक्ट्रोलाइटची पाकिटं सोबत ठेवा, रोज एक केळं खा. यादी लिहिणाऱ्याला यात शंका नसते आणि वाचणाऱ्यालाही नसते. घाम आला, क्षार गेले, स्नायू आखडला. शाळेत शिकलेल्या विज्ञानात हे चपखल बसतं. अडचण एवढीच, की रात्री अडीच वाजता केबिनमध्ये पोटरीत गोळा येऊन जो तळमळत उठतो, त्याच्या बाबतीत बहुतेक वेळा ते खरं नसतं. बिघाड रक्तातल्या क्षारांत नसून मज्जारज्जूत असतो. हे पटलं, की त्या यादीतलं बरंचसं सामान घरीच ठेवता येतं.

मिठाचा सिद्धांत थोतांड नाही, हे आधीच सांगून टाकतो. गंमत म्हणजे त्याची एक मोठी साक्ष जहाजांवरचीच आहे. कोळशावर चालणाऱ्या आगबोटींच्या बॉयलरखान्यात भट्टीत फावड्याने कोळसा टाकणाऱ्या आगवाल्यांना भयानक पेटके यायचे. नुसते पायात नव्हे; हातात, पोटात, सगळीकडे. घामातून पाणी आणि मीठ दोन्ही जायचं, आणि तहान भागवायला ते नुसतं पाणी ढोसायचे, त्यामुळे रक्तात उरलेलं मीठ आणखी पातळ व्हायचं. १९२३ मध्ये के. एन. मॉस या ब्रिटिश संशोधकाने तापलेल्या कोळसाखाणींतल्या मजुरांच्या अशाच पेटक्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत हूव्हर धरण बांधणाऱ्या कामगारांना पेटके येऊ लागले, तेव्हा हार्वर्डच्या संशोधकांनाही मिठाची तूटच सापडली. मीठ दिलं की माणूस सुधारायचा.

पण क्रूझवरचा प्रवासी आगवाला नाही. तो वातानुकूलित केबिनमध्ये झोपतो आणि त्याच्या बुफेत दुसरं काहीही कमी पडेल, मीठ पडणार नाही. शिवाय एक साधा प्रश्न विचारून बघा. रक्त सगळ्या शरीरात एकच फिरतं. त्यातले क्षार कमी झाले असतील, तर गोळा एकट्या डाव्या पोटरीतच का येतो? उजवीने काय पुण्य केलंय? आणि स्नायू ताणला की तो काही सेकंदांत सुटतो. ताणल्याने रक्तात मिठाचा एक कणही वाढत नाही. दक्षिण आफ्रिकेचे क्रीडावैद्यक मार्टिन श्वेल्नस यांनी लांब पल्ल्याचे धावपटू आणि ट्रायथलॉनपटू तपासले. गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या रक्तातल्या क्षारांत किंवा शरीरातल्या पाण्यात त्यांना अर्थपूर्ण फरक मिळाला नाही. त्यांनीच १९९७ मध्ये दुसरी मांडणी पुढे आणली, की थकलेल्या स्नायूवरचं चेतासंस्थेचं नियंत्रण ढळतं. खेळाडूंचा गोळा आणि झोपेतला गोळा अगदी एकच आहेत असं नाही, पण दोन्हीकडे बोट त्याच दिशेला जातं.

स्नायू आपल्या मर्जीने आकसत नाही. त्याला हुकूम देतो मज्जारज्जूतला मोटर न्यूरॉन, म्हणजे स्नायू हलवणारी चेतापेशी. असा एकेक न्यूरॉन शेकडो स्नायुतंतू सांभाळतो, पोटरीसारख्या दांडग्या स्नायूत तर हजारावर. त्याने एक विद्युत स्पंद सोडला की ते सगळे तंतू एकदम आकसतात. किती स्पंद सोडायचे हे एकटा मेंदू ठरवत नाही. खुद्द स्नायूकडूनही या न्यूरॉनला दोन परस्परविरोधी खबरा सतत येत असतात.

पहिली खबर 'मसल स्पिंडल'ची. स्नायूच्या आत, तंतूंना समांतर, काही मिलिमीटर लांबीचे हे संवेदक दडलेले असतात. स्नायू ताणला गेला की ते चेततात आणि न्यूरॉनला सांगतात, आकस. डॉक्टर गुडघ्याखाली हातोडी मारतात आणि पाय उडतो, तो याच वाटेने. दुसरी खबर येते स्नायू आणि कंडरा (स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी) जिथे जुळतात तिथून. तिथे असतात गॉल्जी संवेदक. इटलीच्या कामिल्लो गॉल्जी यांनी एकोणिसाव्या शतकात ते शोधले. कंडरेवर जोर आला की ते चेततात, मधल्या एका अडवणाऱ्या न्यूरॉनला जागं करतात आणि तो मोटर न्यूरॉनला म्हणतो, पुरे. मांजरांच्या स्नायूंवर १९८० च्या दशकात झालेल्या प्रयोगांत असं दिसलं, की स्नायू थकला की स्पिंडलचा आवाज चढतो आणि गॉल्जीचा बसतो.

आता झोपलेला पाय डोळ्यांपुढे आणा. माणूस उताणा आहे, पांघरूण गादीखाली घट्ट खोचलेलं आहे आणि त्याच्या दाबाने चवडे पुढे झुकलेत. या अवस्थेत पोटरी जवळजवळ तिच्या सर्वांत आखूड लांबीवर असते. आखूड झालेला स्नायू आणखी आकसला तरी सैल पडलेल्या कंडरेवर पुरेसा जोर येत नाही. गॉल्जी गप्प राहतो. 'पुरे' म्हणणारं कोणी उरत नाही, आणि नेमक्या त्याच वेळी झोपेत कूस बदलताना चवडा पुढे करून पाय लांब केला जातो, म्हणजे आखूड पोटरीला आणखी आकसण्याचा हुकूम जातो.

इथून पुढचा भाग थोडा किचकट आहे, पण माझा सर्वांत आवडता आहे. मोटर न्यूरॉन म्हणजे नुसती बेरीज-वजाबाकी करणारं यंत्र नव्हे. त्याच्या फांद्यांवर सोडियम आणि कॅल्शियमच्या अशा काही वाहिन्या, म्हणजे त्यांचे कण आत सोडणारी सूक्ष्म दारं असतात, की पुरेशी उत्तेजना मिळून एकदा उघडल्या की त्या लवकर मिटत नाहीत. धन विद्युतभार आत झिरपत राहतो, पेशीचं व्होल्टेज वरच्या पातळीवर टेकून राहतं आणि मूळ उत्तेजना थांबली तरी न्यूरॉन स्पंद सोडत राहतो. दारावरच्या घंटेचं बटण आत अडकून बसावं आणि पाहुण्याने बोट काढलं तरी घंटा वाजतच राहावी, तसं. एरवी ही सोय फार कामाची आहे. आपण उभे असतो तेव्हा पाठीच्या आणि पायांच्या स्नायूंना मेंदू क्षणोक्षणी हुकूम पाठवत बसत नाही. या रेंगाळणाऱ्या प्रवाहावर बरंचसं भागतं. मेंदूकडून मज्जारज्जूत उतरणारं सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हा प्रवाह कमी-जास्त करतात. गोळा येतो तेव्हा हीच सोय अंगाशी येत असावी, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे.

वाद मिटलेला नाही, हेही खरं. चेतातंतू औषधाने बधिर करून मज्जारज्जूशी संपर्क तोडला आणि बधिर भागाच्या पलीकडे विजेचे झटके दिले, तरी गोळा आणता येतो. म्हणजे ठिणगी तंतूच्या टोकाशीही पडू शकते. मात्र संपर्क तुटलेला असताना गोळा आणायला झटके जास्त वेगाने द्यावे लागतात आणि तो टिकतोही कमी. ठिणगी कुठेही पडो, ती धुमसत ठेवायला मज्जारज्जू लागतो.

याचा सर्वांत मजेदार पुरावा आला तो व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीच्या पाण्यातून. केव्हिन मिलर या अमेरिकी संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात घाम गाळून आलेल्या तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने गोळा आणला. मग कोणाला साधं पाणी दिलं, कोणाला हे खारट-आंबट पाणी, शरीराच्या दर किलोमागे एक मिलिलिटर. साध्या पाण्यावर गोळा सरासरी १३४ सेकंद टिकला, आंबट पाण्यावर ८५. दीड मिनिटाच्या आत पोटातलं मीठ रक्तात शिरून स्नायूपर्यंत पोहोचणं शक्य नव्हतं. रक्त तपासलं तेव्हा पाच मिनिटांनंतरही त्यात दखल घेण्याजोगा बदल नव्हता. मिलर यांचा तर्क असा, की घशातल्या चेतातंतूंना जो जबर चटका बसला, त्याचा निरोप मज्जारज्जूपर्यंत जाऊन तिथला न्यूरॉन शांत झाला. तिखट, आंबट, झोंबणारे पदार्थ तोंडातल्या आणि घशातल्या 'टीआरपी' नावाच्या वाहिन्या चेतवतात. पोटॅशियम वाहिनीच्या रचनेसाठी २००३ मध्ये नोबेल मिळवणारे रॉडरिक मॅकिनन यांना समुद्रात कायाक वल्हवताना गोळे यायचे, आणि या तर्काने त्यांना इतकं पछाडलं की त्यावर कंपनी निघाली, झोंबणारं पेय बाजारात आलं. त्याच कंपनीच्या, गंभीर चेताविकारांवरच्या औषधाच्या चाचण्या मात्र २०१८ मध्ये गुंडाळाव्या लागल्या; रुग्णांना ते औषध सोसेना. नोबेल विजेत्याचा हात लागला म्हणून कल्पना औषध होत नाही.

जहाजावर हे सगळं जुळून यायला निमित्तं भरपूर. मोठ्या जहाजाला हेलकावे रोखणारे पंख असतात, तरी डेक पूर्ण स्थिर कधीच नसतो. नव्याने चढलेला माणूस पाय फाकवून उभा राहतो आणि पोटऱ्या दिवसभर तोल सावरत असतात, त्याच्या नकळत. बंदर आलं की आठवडाभर न चाललेला माणूस एका दिवसात दगडी रस्त्यांवरून मैलोन् मैल फिरतो, तेही सपाट चपलांत. रात्री मग खोचलेलं पांघरूण. ते खालच्या बाजूने ओढून मोकळं करणं हा केबिनमध्ये शिरल्यावर करण्याचा पहिला उपाय, आणि तो फुकट आहे. समुद्र लागून उलट्या होत असतील तर गोष्ट वेगळी. तेव्हा पाणी आणि क्षार खरोखर जातात आणि इलेक्ट्रोलाइटची पाकिटं तिथे कामाची.

मॅग्नेशियमबद्दल मात्र २०२० च्या कोक्रेन आढाव्याचा (अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अहवालाचा) निष्कर्ष असा, की वयस्कांच्या पायातल्या गोळ्यांवर त्याचा लक्षात येण्याजोगा उपयोग होण्याची शक्यता कमी. त्याने जुलाब मात्र होऊ शकतात, आणि जुलाब झालेल्या प्रवाशाला नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या साथीच्या विषाणूच्या धास्तीने केबिनमध्येच थांबवून ठेवतात. सुट्टीचा याहून वाईट उपयोग सुचत नाही. बारमध्ये कोणीतरी टॉनिक वॉटर सुचवतो, त्यात क्विनीन असतं म्हणून. अमेरिकेत टॉनिक वॉटरमध्ये लिटरमागे जास्तीत जास्त ८३ मिलिग्रॅम क्विनीन चालतं. पायातल्या गोळ्यांसाठी पूर्वी देत ते २०० ते ३०० मिलिग्रॅम. म्हणजे अडीच-साडेतीन लिटर प्यायला हवं. आणि क्विनीनने रक्तातल्या प्लेटलेट्स धोकादायकरीत्या घटू शकतात, हृदयाची लय बिघडू शकते, म्हणून तिथल्या औषध नियामकाने या कारणासाठी ते वापरू नका असा इशारा पुन्हा पुन्हा दिला आहे. चादरीखाली ठेवलेली साबणाची वडी, तांब्याचं कडं, चुंबकाचा पट्टा यांनी निदान प्लेटलेट्सना धक्का लागत नाही. गोळा एरवीही बहुधा काही मिनिटांत आपोआप सुटतो आणि श्रेय साबणाला जातं. असल्या उपायांचं यश याच मिनिटांवर पोसलेलं आहे.

गोळा आला तर अंथरुणातून उडी मारून उभे राहू नका. हलती जमीन, अंधार आणि एक निकामी पाय हा पडण्याचा खात्रीचा मार्ग आहे. बसा. टॉवेल चवड्याला अडकवून दोन्ही टोकं हातात धरा, गुडघा सरळ ठेवा आणि चवडा हळूहळू स्वतःकडे ओढा. गुडघा सरळच हवा, कारण पोटरीचा वरचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वरून सुरू होतो. गुडघा वाकवला की तो ढिला पडतो आणि ताण पोहोचतच नाही. हिसका देऊ नका. हिसक्याने स्पिंडल चेकाळतो, संथ ओढीने गॉल्जी जागा होतो. जमेल तसा चवडा आपल्या जोरावरही वर उचला. नडगीचा स्नायू कामाला लागला की मज्जारज्जू त्याच्या विरुद्ध बाजूच्या पोटरीला आपसूक आवर घालतो. बोटांखाली उभा राहिलेला टणक उंचवटा आधी थरथरतो, मग एका कडेने मऊ होत सपाट होतो. तो गेला तरी आणखी अर्धा मिनिट ताण सोडू नका, नाहीतर परत येतो.

झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीच्या मागचा भाग ताणण्याचा उपयोग नेदरलँड्समधल्या २०१२ च्या चाचणीत पंचावन्न वर्षांवरच्या लोकांना झाला होता. आधीच्या एका ब्रिटिश चाचणीत झाला नव्हता. तीन मिनिटांचं काम आहे. मी करा म्हणेन, पण जहाज सुटण्याच्या काही आठवडे आधीपासून. त्या डच लोकांनी ते सहा आठवडे केलं होतं.

वेदनाशामक गोळीचं काय? चालू गोळ्यावर ती निरुपयोगी आहे. तिला लागू पडायला अर्धा तास लागतो, गोळा त्याच्या कितीतरी आधी संपतो. मागे राहणाऱ्या ठणक्यावर शेक किंवा डायक्लोफेनॅकचं मलम पुरतं. पॅरासिटामॉल चालतं, मात्र सर्दीच्या गोळ्यांतही तेच असतं, हे बघून दिवसाचा हिशेब ठेवा. आयब्युप्रोफेन घेताना जास्त जपा: रक्तदाबासाठी एसीई इनहिबिटर गटातली गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, त्यात उलट्यांनी अंगातलं पाणी गेलेलं असेल, तर मूत्रपिंडावर एकदम भार येतो. लघवीच्या गोळ्या, कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन औषधं आणि दम्याचे काही पंप यांच्याशी पायात येणाऱ्या गोळ्यांचंही नातं आढळलं आहे. तेव्हा डॉक्टरांशी बोलायचं ते निघण्यापूर्वी. औषध परस्पर बंद करायचं नाही. कोडीन किंवा ट्रॅमाडॉल असलेली औषधं काही देशांत परवानगीशिवाय नेता येत नाहीत, म्हणून वाटेतल्या बंदरांचे नियम बघा, मूळ वेष्टन आणि चिठ्ठी जवळ ठेवा. औषधं हातातल्या पिशवीतच हवीत, कारण मोठी बॅग केबिनमध्ये पोहोचायला कधीकधी संध्याकाळ होते.

एका पोटरीकडे मात्र वेगळ्या नजरेने बघायला हवं. लांबच्या विमानप्रवासानंतर जहाजावर चढलेल्या माणसाची एकच पोटरी सुजली, गरम किंवा लाल झाली, आणि दुखणं मिनिटांत न जाता तासन् तास राहिलं, तर तो गोळा नसून शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. तिला चोळू नका, ताणू नका; जहाजावरच्या वैद्यकीय कक्षात दाखवा. दम लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर चालत जाऊ नका, केबिनमधल्या फोनवरून त्यांनाच बोलवा.