पदकतक्त्यात पहिला नंबर कुणाचा?

ठाण्यात बर्फ भेटतो तो गोळेवाल्याच्या गाडीवर. तरी हिवाळी ऑलिंपिक लागलं की पदकतक्त्यावरून इथेही हमखास वाद रंगतो आणि नॉर्वेचं कौतुक होतं. ते बरोबरच आहे. ठाणे जिल्ह्याहूनही कमी लोकसंख्येच्या या देशाने २०२२ मध्ये बीजिंगला १६ सुवर्णपदकं नेली. पण क्रमवारी ठरवतं कोण?

अधिकृतपणे, कुणीच नाही. ऑलिंपिक ही खेळाडूंमधली स्पर्धा आहे, देशांमधली नव्हे, असं ऑलिंपिक सनदच सांगते. क्रमवारी रुजवली ती वर्तमानपत्रांनी. आपल्याकडच्या आंतरशालेय स्पर्धांत ५-३-१ असे गुण मोजून सर्वसाधारण विजेतेपद देतात, तशा गुणपद्धती तिथेही चालवून पाहिल्या गेल्या, पण टिकल्या नाहीत. उरल्या दोन. जगात बहुतेक ठिकाणी आधी सुवर्ण मोजतात. बरोबरी झाली तर रौप्य, मग कांस्य. अमेरिकी माध्यमं मात्र एकूण पदकांवर नंबर लावतात.

फरक किती पडतो? १९८४ मध्ये सारायेव्होला पूर्व जर्मनीची ९ सुवर्णं आणि एकूण २४ पदकं. सोव्हिएत संघाची सुवर्णं ६, एकूण २५. शीतयुद्धाचे दिवस, त्यात दोघेही एकाच गोटातले! २०१० मध्ये व्हँकुव्हरला यजमान कॅनडा १४ सुवर्णांसह पहिला, अमेरिकेची सुवर्णं ९. एकूण पदकांत अमेरिका ३७ वर आणि कॅनडा २६ घेऊन तिसरा. ज्याला जो तक्ता सोयीचा, तो त्याने छापावा.

मला जास्त खटकतं ते वेगळंच. १९८० मध्ये लेक प्लॅसिडला एरिक हायडनने पुरुषांच्या स्पीड स्केटिंगची पाचही वैयक्तिक सुवर्णं एकट्याने जिंकली. अमेरिकेचं सहावं सुवर्ण सोव्हिएत संघाला हरवणाऱ्या आइस हॉकी संघाचं. तक्त्यात त्या अख्ख्या संघाचं मोल एक, हायडनचं पाच.

शिवाय तक्ता कायमचा नसतो. १९२४ च्या शामोनी स्पर्धेत स्की जंपिंगचं कांस्य नॉर्वेच्या थोरलीफ हाउगला मिळालं होतं. गुणांच्या बेरजेतली चूक ५० वर्षांनी सापडली आणि १९७४ मध्ये ते अमेरिकेच्या आंदेर्स हाउगेनकडे गेलं. तोवर हाउग हयातही नव्हता. बीजिंगचा तक्ताही असाच हलला. उत्तेजक प्रकरणात रशियाची कामिला वालियेवा अपात्र ठरली आणि फिगर स्केटिंगचं सांघिक सुवर्ण २०२४ मध्ये अमेरिकेला मिळालं. ८ ची ९ सुवर्णं झाली आणि तितकीच सुवर्णं असलेला चीन रौप्यपदकांत मागे पडून तिसऱ्यावरून चौथा झाला.

भारत १९६४ पासून हिवाळी ऑलिंपिकला जातो. बीजिंगला आपला एकच खेळाडू होता, स्कीपटू आरिफ खान. पदक तेव्हाही आलं नाही, आणि पदकाशिवाय या तक्त्यात नावच लागत नाही, मग मोजणी कुठल्याही पद्धतीने करा.