सुताराचा हात आणि सीएनसी राउटर : पार्श्वभूमी

विदर्भात तालुक्याच्या गावी दरवाजावरची वेलबुट्टी आणि देवघराची जाळी सीएनसी राउटरवर, म्हणजे संगणकाच्या आज्ञेने फिरत्या पात्याने लाकूड कापणाऱ्या यंत्रावर, कापून मिळू लागली, तेव्हापासून सुताराचे काम यंत्राने नेले, असे सरसकट बोलले जाते. ते खोटे नाही. परंतु ते काम नेणारे यंत्र कसे असावे, हे फार आधी आणि फार दूर ठरले होते.

यंत्राला आधीच आज्ञा देऊन ठेवण्याची कल्पना नवी नव्हती; भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांवर चालणारे माग कितीतरी जुने. येथे महत्त्वाचा आहे तो दुसऱ्या महायुद्धानंतरचा अमेरिकेतील काळ. त्या वेळी दोन वाटा खुल्या होत्या. पहिलीत कसबी कारागीर स्वतः यंत्र चालवून एक नग काढी, त्याच्या हालचाली चुंबकीय फितीवर नोंदल्या जात आणि पुढचे नग त्या फितीवरून निघत. दुसरीत आकार आधी आकड्यांत मांडून, भोके पाडलेल्या कागदी फितीने यंत्राला आज्ञा दिली जाई. हेलिकॉप्टरची पाती बनवणाऱ्या मिशिगनमधील एका कंत्राटदाराला १९४९ साली हवाई दलाने काम दिले, त्या कामात पुढे एक तंत्रविद्यापीठ सामील झाले आणि १९५२ साली तीन अक्षांवर चालणारे असे यंत्र जाहीरपणे दाखवले गेले. सरकारी पैसा दुसऱ्या वाटेला मिळाला. विमानाचे वक्र भाग हाताने काढणेच अवघड असल्याने नोंदायचे तरी काय, हा समर्थकांचा युक्तिवाद होता आणि तो त्या भागांपुरता पटतो. कारखान्यातले ज्ञान कारागिराच्या हातून काढून कार्यालयात नेण्याची व्यवस्थापनाची इच्छा या निवडीमागे होती, हा टीकाकारांचा आक्षेप मात्र अधिक वजनदार वाटतो, कारण पुढे साधे सुटे भागही त्याच पद्धतीकडे गेले.

मागे पडलेली वाट पूर्ण बुजली नाही. नॉर्वेतील एका हातगाड्यांच्या कारखान्यात १९६०च्या दशकात रंगकामाचा रोबो तयार झाला, तो रंगाऱ्याने हात धरून शिकवलेल्या हालचाली पुन्हा करी.

वास्तुरचनेत मात्र आकड्यांचीच वाट रुळली. बार्सिलोनातील १९९२ सालचा धातूचा भव्य मासा, हे शिल्प, विमानांसाठीच्या संगणकप्रणालीवर आखला गेला. २००६ साली स्वित्झर्लंडमध्ये एका द्राक्षमळ्याच्या इमारतीसाठी रोबोच्या हाताने प्रत्येक वीट किंचित वेगळ्या कोनात ठेवली.

आपल्याकडे राउटर आला तो तयार नक्षीच्या फाईलसह. त्याला सपाट, एकसारखी पाटी लागते, म्हणून एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, त्याला मानवते. सागवानात गाठ आली की सुतार पटाशीची दिशा बदलतो. राउटरची पाती ठरलेल्या रेषेवरूनच जाते आणि लाकडाच्या आडव्या रेषा आल्या की कड उचकटते. मेळघाट किंवा गडचिरोलीच्या बांबूची अडचण याहून मोठी आहे, कारण तो बुडाशी जाड, शेंड्याशी बारीक असतो, त्याची पेरे सारख्या अंतरावर नसतात आणि बुरूड तो हाताच्या अंदाजानेच फाडतो. राउटरच्या मेजावर तो बहुधा पट्ट्या काढून, चिकटवून, फळी झाल्यावरच चढतो.