गेट बंद केलं म्हणजे वृद्धाश्रम सुरक्षित?

‘नातेवाइकांना बंदी, दारात ताप मोजायची गन, झालं काम!’ कोविडपासून चालत आलेला हा समज अर्धवट आहे. नातेवाईक थांबले तरी आया, स्वयंपाकी, सफाई कर्मचारी रोज ये-जा करतातच.

मार्च 2020 मध्ये अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातल्या एका शुश्रूषागृहात 76 रहिवाशांच्या चाचण्या झाल्या. 48 बाधित निघाले. त्यांतल्या 27 जणांना त्या वेळी एकही लक्षण नव्हतं. गन काय पकडणार? इंग्लंडमध्ये तर रुग्णालयातून केअर होममध्ये पाठवलेल्यांची आधी चाचणी करण्याचा नियम 15 एप्रिल 2020 रोजी आला. तोवर पाहुण्यांना दार बंद आणि संसर्गाला उघडं.

शिवाय म्हातारपणी ताप चढतोच असं नाही. एरवी 36.2 अंश सेल्सिअस असणाऱ्या आजींचं 37.3 झालं तर तो ताप धरायचा, पण बऱ्याच गन तेवढ्यावर लाल होत नाहीत. म्हणून साथ नसतानाच प्रत्येकाचं आठवडाभराचं तापमान वहीत नोंदवून ठेवावं. अचानक जेवण टाकणं, तोल जाणं, असंबद्ध बोलणं हीसुद्धा लक्षणंच.

खरी तयारी कर्मचाऱ्यांपासून होते. एक माणूस एकाच मजल्यावर, आणि दोन आश्रमांत काम नाही. आजारपणाची रजा भरपगारी हवी. पगार कापला जाणार असेल तर खोकला लपवला जातो. आणि बाधितांना वेगळं ठेवण्यासाठी स्वतंत्र संडास असलेली, खिडकी उघडणारी एक खोली आजच ठरवून ठेवा. सध्या तिथे बहुधा जुन्या गाद्या असतील.