कोबाल्ट की डिस्प्रोसियम? मॅग्नेटला ताप सोसवायचे दोन वेगळे रस्ते

आमच्या हिंगणघाटकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, अन् त्यात ई-बाईकवर सरकीची दोन पोती टाकून चढाव घातला की मागच्या चाकातली हब मोटार एवढी तापते की हात लाववत नाही. परवा एका मिस्त्रीभाऊंकडे अशीच एक उघडलेली मोटार पाहिली. आतल्या कड्याला चिकटवलेल्या मॅग्नेटच्या पट्ट्या, त्यातल्या एकीला पाना लावला तर ओढून काढावा लागला, अन् दुसरीवरून तोच पाना सहज सरकला. भाऊ म्हणाले, मॅग्नेट मेला.

मेला नाही बाप्पा, उलटला. हा फरक समजला की अशा मोटारीतल्या नियोडिमियम मॅग्नेटमध्ये कोबाल्ट काऊन घालतात अन् डिस्प्रोसियम हा दुसरा धातू काऊन, हे आपोआप समजतं. लोक दोन्हीला सरसकट "उष्णतेसाठी घालतात" म्हणून मोकळे होतात, पण दोघांची कामं पार वेगळी आहेत.

पोळ्याच्या तोरणाखाली बैलांची रांग आठवा, सगळ्यांची तोंडं एका बाजूला. बैल म्हणजे मॅग्नेटमधले अणू, तोंड म्हणजे त्यांच्या चुंबकपणाची दिशा. हे बैल एकमेकांना दाव्यानं बांधलेत असं समजा, अन् शिवाय प्रत्येकाच्या पायाशी खुंटा आहे. दाव्यानं रांग टिकते, खुंट्यानं दिशा टिकते. दावी तुटली तर रांगच मोडते, जो तो वाट्टेल तिकडे. अणूंचं असं होतं त्या तापमानाला क्युरी तापमान म्हणतात, अन् या मॅग्नेटचं, म्हणजे दोन नियोडिमियम, चौदा लोखंड, एक बोरॉन अशा ठरलेल्या हिशोबाच्या संयुगाचं, ते साधारण 312 अंश आहे. ई-बाईकची मोटार काही तिथवर जात नाही. पण त्याच्या कितीतरी आधी खुंटे ढिले होतात, अन् वरून कॉइलचं उलटं चुंबकक्षेत्र ढकलत असलं तर रांगच्या रांग शाबूत राहूनच उलट्या तोंडानं फिरते. काही भाग असे फिरले की एकमेकांना काटतात, अन् पाना सरकतो.

कोबाल्ट बसतो लोखंडाच्या जागी, अन् दावी पक्की करतो. शंभरातलं एक लोखंड काढून कोबाल्ट बसवला की क्युरी तापमान अंदाजे 8-10 अंशांनी चढतं. पण खुंट्याला त्यानं काही मदत होत नाही, जास्त घातला तर उलट पकड कमीच होते.

डिस्प्रोसियम बसतो नियोडिमियमच्या जागी, अन् त्याचं सगळं काम खुंट्यावर. त्याच्या इलेक्ट्रॉनांचा आकार असा आहे की स्फटिकात एका अक्षाला धरून बसायची त्याची ओढ लय जबर. नियोडिमियम पूर्ण काढून डिस्प्रोसियम भरलं तर ही पकड जवळपास दुप्पट होते, क्युरी तापमान मात्र जेमतेम दहा-बारा अंश हलतं! अन् इथंच खरी किंमत मोजावी लागते: नियोडिमियमचा चुंबकपणा लोखंडाच्याच दिशेला असतो, डिस्प्रोसियमचा बरोबर उलटा. रांगेत उलट्या तोंडाचा, पण दगडासारखा घट्ट उभा बैल. म्हणून सगळं डिस्प्रोसियम भरलेल्या मॅग्नेटची ताकद 1.6 टेस्लावरून (टेस्ला म्हणजे चुंबकपणा मोजायचं एकक) 0.7 च्या आसपास येते. मला या सगळ्या विषयातली ही गोष्ट सगळ्यात भारी वाटते, बदलला एकच अणू, पण एका हातानं दिलं अन् दुसऱ्या हातानं काढून घेतलं.

त्यात डिस्प्रोसियम महाग, म्हणून आता बऱ्याचदा ते पूर्ण मिसळत नाहीत, मॅग्नेटच्या पृष्ठावर लावून भट्टीत तापवतात, मग मॅग्नेट ज्या बारीक स्फटिकांच्या दाण्यांचा बनलेला असतो, त्या दाण्यांच्या कडांतून ते आत झिरपतं. उलटणं सुरू होतं ते बहुतेक कडेपासूनच, तिथे खुंटा पक्का झाला की दाण्याचा मधला भाग पूर्ण ताकदीचा ठेवता येतो.

मिस्त्रीभाऊंनी नवीन पट्ट्या मागवताना दुकानदाराला नुसतं "एन 35" सांगितलं होतं. तो आकडा ताकदीचा. नुसता एन म्हणजे साधारण 80 अंशांपर्यंत, मागे एसएच लागलं की 150. मी त्यांच्या वहीत 35 च्या पुढे एसएच लिहून दिलं.